“फाशी झाली का जी?” : खैरलांजी प्रकरण पुन्हा वाचताना

भंडारा-गोंदिया पट्ट्यातल्या गावांमध्ये मी कायद्याची माहिती देणारी शिबिरं घेतो. कधी विहारात, कधी समाजमंदिरात, बहुतेक धान कापून झाल्यावर. अनुसूचित जाती-जमातींवरचे अत्याचार रोखणाऱ्या ॲट्रॉसिटीच्या कायद्यावर बोलताना खैरलांजीचं, २००६ मध्ये जिथे एका दलित कुटुंबातल्या चौघांना जमावाने मारून टाकलं त्या गावाचं, नाव निघतंच, आणि ते निघालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. मागच्या हिवाळ्यात सत्तरीच्या एका आजीने तो विचारला. “मंग त्याइले फाशी झाली का जी?” मी म्हणालो, खालच्या कोर्टाने सहा जणांना दिली होती, हायकोर्टाने ती बदलून पंचवीस वर्षं कैद केली. आजी थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग शेजारणीला म्हणाल्या, “म्हंजे काहीच नाही झालं.”

चार खून, आठ जण दोषी, पंचवीस वर्षांची सक्तमजुरी, आणि आजींच्या हिशेबात शून्य. हे लिहायला बसलो ते त्या हिशेबामुळे. त्यांना अडाणी ठरवून पुढे जाण्याचा मला काही अधिकार नाही. २००६ च्या नोव्हेंबरात विदर्भभर मोर्चे निघाले तेव्हा माझ्याही हातात ‘फाशी द्या’ असाच फलक होता, आणि फाशीच का असं कुणी विचारलं असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो. आज मी फाशी मागत नाही. का, ते खैरलांजीच्याच घटनाक्रमातून सांगायचं आहे.

गाव आणि ती संध्याकाळ

खैरलांजी हे भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातलं लहान गाव. धानाच्या बांध्या, नहर म्हणजे कालवा, आणि वस्तीत इतर मागासवर्गीय जातींची मोठी संख्या. दलित घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यातलं एक भैयालाल आणि सुरेखा भोतमांगे यांचं, धर्माने बौद्ध. दोन मुलगे, एक मुलगी. घर कच्चं, पण शेत स्वतःचं आणि मुलं शिकणारी. मुलगी बारावीला होती. शेतातून वाट काढण्यावरून गावातल्या लोकांशी त्यांचं जुनं भांडण होतं. धुऱ्याची आणि पांदणीची भांडणं आमच्याकडे कुठल्या गावात नाहीत? पण ज्याच्या पाठीशी भावकी असते त्याचं भांडण तलाठ्यापर्यंत जातं आणि तिथेच मिटतं. ज्याच्या पाठीशी अख्ख्या गावात दोन घरं असतात त्याचं भांडण वेगळ्या वाटेने जातं.

३ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबाला मदत करणाऱ्या, शेजारच्या गावच्या एका दलित पोलीस पाटलाला खैरलांजीच्या काही लोकांनी मारहाण केली. सुरेखाबाई आणि त्यांच्या मुलीने मारणारे कोण ते पोलिसांना सांगितलं. त्या साक्षीदार झाल्या. २९ सप्टेंबरला त्या गुन्ह्यातल्या आरोपींना मोहाडीच्या न्यायालयातून जामीन मिळाला, आणि त्याच संध्याकाळी जमाव भोतमांगेंच्या घरावर गेला. सुरेखाबाई, दोन मुलगे आणि मुलगी, चौघांनाही मारून टाकलं. भैयालाल घरात नव्हते. त्यांनी लपून पाहिलं आणि मदत मागायला धावले. मदत वेळेवर आली नाही. दुसऱ्या दिवसापासून नहरात प्रेतं सापडू लागली.

त्यानंतर दोनच दिवसांनी, २ ऑक्टोबरला, दसरा होता. नागपूरला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेला पन्नास वर्षं पूर्ण होत होती आणि तिथे लाखोंची गर्दी होती. आम्हीही गाडी करून गेलो होतो. परत येताना भंडाऱ्यावरूनच आलो. खैरलांजीत काय घडलंय याचा आमच्या गाडीत कुणालाही पत्ता नव्हता. ही गोष्ट मला आजही बोचते. बातमी उशिरा फुटली, आणि फुटली तीही दोन कुटुंबांचं वैर, चारित्र्याचा संशय असल्या भाषेत. पहिलं शवविच्छेदन इतकं हलगर्जीपणे झालं की प्रेतं उकरून दुसऱ्यांदा करावं लागलं. स्त्रियांवर अत्याचार झाल्याचा आरोप होता. तो न्यायालयात टिकला नाही, आणि पहिल्या काही दिवसांत जे पुरावे हातचे गेले ते परत मिळवायला कुणाकडेच काही साधन नव्हतं. काही पोलीस निलंबित झाले. नोव्हेंबरात रस्त्यावर लोक उतरले तेव्हा कुठे तपास सीबीआयकडे गेला.

दोन निकाल

खटला भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयात चालला, सरकारतर्फे उज्ज्वल निकम. अकरा आरोपी. १५ सप्टेंबर २००८ रोजी आठ जण दोषी ठरले, तिघे सुटले. २४ सप्टेंबरला शिक्षा जाहीर झाली. सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप.

त्या दिवशी आमच्याकडे लोक एकमेकांना फोन करत होते. फाशी झाली, सहा जणांना झाली. काही ठिकाणी निळे झेंडे घेऊन पोरं चौकात आली. त्याच निकालात दुसरी एक गोष्ट होती. ॲट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा सिद्ध झालेला नाही, असं न्यायालयाने म्हटलं होतं. खून जातीमुळे झाले हे मान्य झालं नव्हतं. जाणत्या कार्यकर्त्यांनी त्यावर तेव्हाच हरकत घेतली. पण गावांपर्यंत पोचली ती फक्त फाशी. दोरीचा आवाज इतका मोठा होता की बाकी काही ऐकूच आलं नाही, मलाही नाही. निकालातला तो भाग मी पहिल्यांदा नीट वाचला तो फाशी रद्द झाल्यावर.

सत्र न्यायालयाने फाशी दिली तरी उच्च न्यायालयाने ती कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. सगळा पुरावा तिथे पुन्हा तपासला जातो. १४ जुलै २०१० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सहाही फाशीच्या शिक्षा बदलून पंचवीस वर्षांची सक्तमजुरी दिली. या स्त्रियांनी आपल्याला खोट्या गुन्ह्यात अडकवलं असं आरोपींना वाटत होतं, त्याचा सूड म्हणून हे खून झाले, जात हे कारण नव्हतं, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता.

तेव्हा पुन्हा मोर्चे, पुन्हा निवेदनं, आणि निवेदनाचा पहिला मुद्दा पुन्हा तोच, फाशी कायम करा. मी स्वतः एक निवेदन लिहून दिलं होतं. त्यात ‘जात’ हा शब्द चौथ्या परिच्छेदात आला होता.

दोरी कुठे बांधलेली होती

इथे थोडं थांबून कायदा पाहायला हवा, कारण माझं मत बदललं ते इथेच.

आपल्याकडे खुनाला जन्मठेप ही नेहमीची शिक्षा आणि फाशी हा अपवाद. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, फाशी द्यायची तर खास कारणं लिहा, असं बंधन आलं. १९८० मध्ये बचन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशीची तरतूद घटनेत बसते असं चार विरुद्ध एक बहुमताने ठरवलं, पण ती दुर्मिळातल्या दुर्मीळ प्रकरणातच द्यावी असं बंधन घातलं. न्यायमूर्ती भगवती त्या एका मताचे. मग दुर्मिळातलं दुर्मीळ ओळखायचं कसं? १९८३ मध्ये माच्छी सिंग खटल्यात त्यासाठी पाच कसोट्या सांगितल्या गेल्या. खुनाची पद्धत, हेतू, बळींची संख्या, बळी कोण होता, आणि गुन्ह्याचं समाजविघातक रूप. या शेवटच्या कसोटीखाली पहिलंच उदाहरण आहे ते अनुसूचित जातीच्या किंवा अल्पसंख्य समाजाच्या माणसाच्या खुनाचं. मात्र तो खून वैयक्तिक कारणासाठी झालेला नसावा, समाजाचा क्षोभ उसळेल अशा परिस्थितीत झालेला असावा.

हे वाक्य मी खैरलांजीच्या निकालाशेजारी ठेवून वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. वैयक्तिक कारण नसावं. नागपूर खंडपीठाने म्हटलं होतं सूड, म्हणजे वैयक्तिक कारण. जातीचा मुद्दा एकदा गळाला की या कसोटीचा आधारच गेला. आमची फाशीची मागणी ज्या खुंटीला टांगलेली होती ती खुंटी जातीची होती, आणि ती सत्र न्यायालयातच उखडली गेली असताना आम्ही चौकात आनंद करत होतो. ज्यांना आजही वाटतं की सहा जणांना फाशी व्हायला हवी होती, त्यांनीही हे एकदा तपासून पाहावं.

आता सूड या शब्दाकडे येतो. सूड कशाचा होता? दोन बायकांनी पोलिसांना नावं सांगितली याचा. हीच नावं गावातल्या एखाद्या मालदार शेतकऱ्याच्या बायकोने सांगितली असती तर जामिनावर सुटलेली माणसं त्याच संध्याकाळी तिच्या दारात गेली असती का? गेलीच असती तर तिच्या बाजूने एकही घर उघडलं नसतं का? जमाव जमतो, सगळं गाव बघतं, आणि पुढे साक्ष द्यायला फार थोडे येतात, हे अमुक घराच्या बाबतीत होतं आणि तमुक घराच्या बाबतीत होत नाही, या फरकाला आमच्या गावांत जात म्हणतात. तिला तोंडाने शिवी देऊन जाहीर व्हावं लागत नाही. न्यायालयापुढे आलेला पुरावा मी पाहिलेला नाही, आणि न्यायाधीशांच्या हेतूबद्दल मला काही म्हणायचं नाही. त्यांच्यापुढे कायद्याचे जे शब्द होते तेच तोकडे होते असं मला वाटतं. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यात गंभीर गुन्ह्यासाठी अट होती की, बळी अनुसूचित जातीचा आहे ‘या कारणावरून’ गुन्हा घडला पाहिजे. मनातलं कारण सिद्ध करा, आणि तेही गावात कुणी तोंड उघडत नसताना.

हे शब्द पुढे बदलले. २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, ‘या कारणावरून’च्या जागी बळी त्या जातीचा आहे हे आरोपीला ‘माहीत असताना’ असं आलं. खैरलांजीत कोण कुठल्या जातीचं हे कुणाला माहीत नव्हतं? जुन्या शब्दांबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पटन जमाल वली खटल्यात सांगितलं की जात हे एकमेव कारण असलं पाहिजे असा अर्थ काढू नये, इतर कारणांत मिसळलेली जातही मोजली पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच किंवा अधिक जणांच्या टोळीने जात, वंश, भाषा अशा कारणांवरून केलेल्या खुनाचं वेगळं कलम आहे आणि त्याला फाशीही ठेवली आहे. फाशी आली, पण कारण सिद्ध करायचा घाट तिथेही चढावाच लागणार. भोतमांगे कुटुंबाला यातलं काहीच उपयोगी पडलं नाही. गुन्ह्याच्या दिवशी जो कायदा होता त्यानेच खटला चालतो.

आपला जीव किती मोलाचा

फाशीविरुद्ध बोललो की शिबिरात तरुण पोरं चिडतात. त्यांचं म्हणणं मला मान्य आहे, निदान त्याचं मूळ मान्य आहे. ते म्हणतात, सर, मोठ्या शहरातल्या मुलीसाठी फाशी होते, मग आमच्या मुलीसाठी का नाही? दिल्लीच्या २०१२ च्या सामूहिक बलात्कार प्रकरणातल्या चौघांना २० मार्च २०२० रोजी फाशी झाली. २००४ पासून तेव्हापर्यंत देशात एकूण आठ जणांना फाशी झाली, त्यातलं एक नाव १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतल्या याकूब मेमनचं, आमच्याच नागपूरच्या कारागृहात, ३० जुलै २०१५ रोजी. खैरलांजीच्या सहांपैकी कुणीही त्या आठांत नाही. पोरांच्या डोक्यात हाच हिशेब असतो. फाशी हा राज्याने लावलेला भाव आहे आणि आपल्या माणसाला तो भाव मिळत नाही. या रागाला मी खोटं म्हणणार नाही. शतकानुशतकं ज्यांचा जीव फुकट गेला, ते सर्वांत महाग शिक्षा मागतात यात नवल काय?

पण याच विहारात ज्यांची तसबीर लावलेली असते त्यांनी ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत काय म्हटलं होतं, ते मी त्यांना सांगतो. फाशीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयात अपिलाची सोय असावी का, यावर चर्चा चालू होती. बाबासाहेब म्हणाले की त्यापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करायला त्यांचा पाठिंबा राहील. हा देश अहिंसेचं तत्त्व मानत आलेला आहे, लोक आचरणात ते पाळत नसतील, पण नैतिक आज्ञा म्हणून ते मानतात, तेव्हा या देशाने फाशी संपवणंच योग्य. हे सांगितलं की शिबिरात क्षणभर शांतता होते. एकदा एक मुलगा उठून म्हणाला, “बाबासाहेबांनी खैरलांजी पाहिली नव्हती.” मी त्याला म्हणालो, त्यांनी महाड पाहिलं होतं, आणि असं बरंच काही जे आपण नाही पाहिलं. तो बसला. पटलं असं मला वाटत नाही. मीही त्या वयात पटवून घेतलं नसतं.

माझं स्वतःचं कारण बाबासाहेबांच्या कारणाहून लहान आणि जास्त गावठी आहे. फाशी अपवादात्मक असली पाहिजे, हे लोकशाहीत बरोबरच आहे. पण म्हणूनच प्रत्येक खटला ‘हे प्रकरण अपवादात्मक आहे का’ या एकाच प्रश्नाभोवती फिरू लागतो. आणि आमच्याकडचा दलितांवरचा हिंसाचार अपवाद नाही, तो रोजचा आहे. धुऱ्यावर आहे, पाणवठ्यावर आहे, ग्रामपंचायतीच्या नोंदीत आहे. त्याला अपवाद ठरवण्याच्या खटपटीत त्याचं रोजचंपण नजरेआड जातं. चार जणांना नहरात फेकणारे राक्षस होते असं म्हटलं की बाकी गाव सुटतं, ठाणं सुटतं, पहिलं शवविच्छेदन करणारे सुटतात. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ मध्ये कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष कैद आहे. किती मोर्चांत मी त्या कलमाचा फलक पाहिला? एकाही नाही. सहा महिन्यांच्या कैदेसाठी कोण मोर्चा काढणार, समोर फाशी असताना?

हिंगणघाटच्या तरुण प्राध्यापिकेला २०२० मध्ये जाळण्यात आलं तेव्हाही हेच झालं. रस्त्यावर फाशीच्या घोषणा, मग विधिमंडळात फाशीची तरतूद असलेला शक्ती कायदा मंजूर, त्याला राष्ट्रपतींची मंजुरी नाही, आणि आरोपीला २०२२ मध्ये जन्मठेप. त्यावर अजून लिहिता येईल, पण ते प्रकरण वेगळं आहे.

भैयालाल

भैयालाल भोतमांगे फाशीची मागणी शेवटपर्यंत करत राहिले. त्यांना कुणी, मी तर नाहीच, असं म्हणू शकत नाही की तुम्ही दुसरं काही मागायला हवं होतं. ज्याने झुडपाआडून आपलं घर संपताना पाहिलं त्याच्या मागणीवर युक्तिवाद करायचा नसतो. सरकारने त्यांना भंडाऱ्यात घर दिलं, वसतिगृहावर लहानशी नोकरी दिली. मी त्यांना दोनदा सभांमध्ये लांबून पाहिलं. व्यासपीठावर त्यांना बसवलेलं असायचं, वक्ते बोलायचे, ते समोर बघत असायचे. २० जानेवारी २०१७ रोजी नागपुरात हृदयविकाराने ते गेले. सर्वोच्च न्यायालयातलं प्रकरण तेव्हा प्रलंबित होतं. दहा वर्षांहून जास्त काळ एक माणूस दोरीची वाट पाहत होता, आणि आम्ही त्याला तीच वाट पाहायला शिकवलं होतं, हा माझा माझ्यावरचा आरोप आहे.

सुरेखाबाईंबद्दल मी जास्त विचार करतो. त्या आमच्या भाषणांत नेहमी बळी म्हणून येतात. खरं तर त्या साक्षीदार होत्या. ३ ते २९ सप्टेंबर हे सव्वीस दिवस त्या आणि त्यांची मुलगी त्याच गावात, त्याच कच्च्या घरात राहत होत्या, ज्यांची नावं सांगितली त्यांच्या शेजारी. आरोपी जामिनावर सुटणार त्या दिवशी घरावर एक शिपाई उभा असता तर? फाशीची भीती त्या जमावाला थांबवू शकली नाही. खुनाला फाशी आहे हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असणार. एका शिपायाने थांबवलं असतं की नाही ते सांगता येत नाही, पण तो तिथे नव्हता एवढं नक्की.

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महेंद्र चावला खटल्यात साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली आणि ती देशभर लागू झाली. जिल्ह्याच्या सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती असते, पोलीस प्रमुख सदस्य, सरकारी अभियोग विभागाचे प्रमुख सदस्य सचिव. साक्षीदाराने अर्ज केला की पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवतात, पाच कामाच्या दिवसांत. संरक्षण एका वेळी जास्तीत जास्त तीन महिने, मग पुन्हा आढावा. ॲट्रॉसिटी कायद्यातही २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५-अ आलं, पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांचं. आरोपीच्या जामिनाच्या सुनावणीत पीडिताला म्हणणं मांडायचा हक्क त्याच कलमात आहे. शिबिरात मी हे फळ्यावर लिहितो तेव्हा लोक वहीत उतरवून घेत नाहीत. फाशीचं सांगतो तेव्हा मान हलवतात.

त्या हिवाळ्यातल्या शिबिरात सगळे उठून गेल्यावर एक बाई मागे थांबली. पस्तिशीची, बांधीत रोवण्याला जाणारी. तिच्या दिराला मारहाण झाली होती, तिने पोलिसांत जबाब दिला होता आणि पुढच्या आठवड्यात तालुक्याला तारीख होती. ती म्हणाली, “दादा, ते लोकंबी त्याच बसनं येतेत.” मी तिच्याकडून जबाबाची प्रत मागितली. ती घरी होती. पोरगा सायकलवर जाऊन घेऊन आला. विहाराच्या ओसरीत बसून आम्ही अर्ज लिहिला, दोन पानं, तिने अंगठ्याऐवजी सही केली, हळूहळू, एकेक अक्षर. शाई वाळेपर्यंत कागद तिने हातातच धरला होता. मग मला विचारलं की भंडाऱ्याची पहिली गाडी किती वाजता आहे.